बेचाळीस टर्न

बेचाळीस हा आकडा मी अकरा वर्षं फळ्यावर लिहिला. उजव्या कोपऱ्यात, तारखेच्या खाली. पोरं तो वहीत उतरवून घ्यायची आणि त्याखाली दोन रेघा ओढायची. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘नोकरीतले गमतीदार अनुभव’ मागितले तेव्हा मला पहिल्यांदा हा आकडाच आठवला. गंमत किती आहे ते तुम्हीच बघा.

मी मोटार वाइंडिंगचा निदेशक होतो. निदेशक हा सरकारी शब्द. वर्गात मला सर म्हणायचे, गावात मास्तर, आणि घरी बायको म्हणायची, “आले का तारवाले?” गरीब घरच्या, शाळा अर्ध्यात सुटलेल्या पोरांना सहा महिन्यांत एखादं काम शिकवायचं आणि पायावर उभं करायचं, अशी सरकारची योजना होती. शिवण, सुतारकाम, दुचाकी दुरुस्ती आणि माझी वाइंडिंग. राहायला मी दौंडला. वर्ग मात्र दौंड आणि शिरूर तालुक्यांत जिथे समाजमंदिर रिकामं असेल तिथे. एक बॅच मांडवगण फराट्याला, पुढची शिरूरला, त्याच्या पुढची केडगावला. बॅच बदलली की मी फळा, हत्यारं आणि शिकवायची मोटार घेऊन यष्टीत चढायचो. मोटारीचं लगेज घ्यायचं की अर्धं तिकीट, यावरून कंडक्टरशी दर वेळी वाजायची. एकाने तर तिला सीटवर बसवून पूर्ण तिकीट फाडलं.

ज्यांनी विहिरीवरची मोटार फक्त लांबून पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मोटारीच्या पोटात लोखंडाचं एक जाड कडं असतं. त्याला आतल्या बाजूने खाचा असतात, आमच्या मोटारीला चोवीस होत्या. त्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवतात, त्यांना कॉइल म्हणायचं. चोवीस खाचांना बारा कॉइली. मोटार जळाली म्हणजे या तारा जळाल्या. मग छिन्नीने जुन्या तारा तोडून ओढून काढायच्या, खाचांत नवा कागद घालायचा, नव्या कॉइली बसवायच्या, वार्निश पाजायचं आणि वाळवायचं. याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. आमच्या भागात मोटारी फार जळतात, कारण ऊस, कांदा आणि विजेचा दाब या तिघांचं आपसात कधी पटलेलं नाही.

आता यातली मुद्द्याची गोष्ट. एका कॉइलला तार किती वेळा गुंडाळायची हे ज्या त्या मोटारीचं ठरलेलं असतं. एका वेढ्याला टर्न म्हणतात. टर्न कमी पडले तर मोटार तापते आणि पुन्हा जळते. जास्त पडले तर तिला जोर राहत नाही. म्हणून जुनी तार काढताना पहिलं काम काय, तर जुने टर्न मोजून वहीत लिहायचे. वाइंडिंगच्या दुकानात वर्ष काढलेल्या कुणालाही हे माहीत असतं. मलाही माहीत होतं. मी आयटीआय केलेला माणूस, दौंडमध्ये सहा वर्षं दुकानात हात काळे केलेले. हे पोरांना सांगावंही लागतं, एवढंच माहीत नव्हतं.

झालं असं की शिकवायला मोटार एकच होती. पहिल्या बॅचच्या आधी मी ती भंगारातून आणली, घरी अंगणात बसून तिची जळकी तार काढली आणि टर्न मोजले. बेचाळीस भरले. वर्गाचा वेळ वाया जायला नको म्हणून हे काम मी आधीच उरकून ठेवलं. केवढा माझा शहाणपणा! वर्गात मी नुसता आकडा लिहिला. एका पोराने मोटार भरायची, मी तपासायची, मग त्यानेच ती उलगडायची आणि त्याच तारेने दुसऱ्याने भरायची. तार वर्षाला एकदा मिळायची आणि तीही यायच्या आधी संपलेली असायची. पोरांनी त्या मोटारीचं नाव ‘म्हातारी’ ठेवलं होतं. ठोकून ठोकून तिच्या खाचा ढिल्या झाल्या होत्या, म्हणून मी सांगायचो, “खाच रिकामी वाटली तर कागद जास्त घाला आणि दाबून बसवा.” पोरं हेही वहीत लिहून घ्यायची.

म्हातारी कधी चाललीच नाही. मोटार चालवायला थ्री फेज वीज लागते आणि समाजमंदिरात वीज एका दिव्यापुरती. थ्री फेजसाठी मी अर्ज केला होता, तो अजूनही कुठल्यातरी फायलीत असेल. तोवर तपासणी दिव्यावर. तारेच्या एका टोकातून वीज सोडायची, दुसऱ्या टोकाला दिवा लागला म्हणजे तार मध्ये तुटलेली नाही. दिवा लागला की पोरगं पास. परीक्षेला आलेल्या एका नव्या साहेबांनी एकदा विचारलं, “पण ही चालते का?” मी म्हणालो, “साहेब, दर वर्षी पास होते.” त्यांनी मान हलवली आणि सही केली. एका वर्षी पास झालेल्या पोरांना द्यायला हत्यारांच्या पेट्या आल्या, त्या सुतारकामाच्या निघाल्या. आमची सोळा पोरं रंधा आणि करवत घेऊन घरी गेली. सुतारांना आमच्या पकडी मिळाल्या असाव्यात, त्यांची तक्रार माझ्यापर्यंत आली नाही.

पहिल्या बॅचमध्ये मांडवगणचा सोपान होता. त्याच्यासारखा हात मी नंतर पाहिला नाही. बाकीचे दिवसभर घ्यायचे तिथे हा जेवायच्या सुट्टीच्या आत कॉइल बसवून मोकळा. पहिला नंबर, फोटो, सत्कार, नारळ. त्याने घरापुढे दुकान काढलं, पत्र्यावर स्वतः रंगाने पाटी लिहिली. महिन्याभराने मी पाहणीला गेलो तर पाटी होती आणि दुकान नव्हतं. सोपान घरात नव्हता. त्याचे वडील आबा ओट्यावर बसलेले, त्यांनी मला बघून तोंड फिरवलं. मी अहवालात लिहिलं, ‘चिकाटीचा अभाव’. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुढच्या प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी मी सोपानची गोष्ट सांगायचो. हात सोन्याचा असून उपयोग नाही, चिकाटी पाहिजे, आमचा एक सोपान होता, महिन्यात दुकान बंद केलं पठ्ठ्याने. पोरं गंभीर चेहऱ्याने ऐकायची.

पुढे दहा-एक वर्षांनी शिरूरच्या एका बॅचला यादीत सात बायका आल्या. बायकांचा आकडा भरायचा होता आणि शिवणाचा वर्ग आधीच भरला होता, म्हणून कुणीतरी सात नावं उचलून माझ्याकडे टाकली. सगळ्या कात्री आणि कापड घेऊन आल्या. “सर, आमी शिवण लिहून दिलं व्हतं,” एक म्हणाली. मी म्हणालो, “यादीत इथे नाव आहे.” सहाजणी तासाभरात निघून गेल्या. एक राहिली. न्हावऱ्याची रत्ना. तिला म्हटलं, तुलाही जायचं तर जा. ती म्हणाली, “माझी यष्टी तीनला हाय. तवर बसते.”

तीन वाजेपर्यंत तिने एक कॉइल गुंडाळली. पोरं तार ओढायची, ताणायची, तोडायची. ही तार बोटांतून सोडायची. मी म्हणालो, “उद्या येणार का?” ती म्हणाली, “यष्टी सकाळची पण हाय.” लग्न होऊन वर्षात माहेरी परत आलेली पोर. का, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. आई दुसऱ्याच्या रानात मजुरीला. सहा महिन्यांत तिने एक दिवस खाडा केला नाही. परीक्षेत दिवा लागला. साहेबांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतला.

तिने न्हावऱ्यात आमच्याच बौद्ध समाजाच्या वस्तीत, विहाराच्या बाजूला आईच्या घराच्या पडवीत दुकान मांडलं. दोन महिने एकही मोटार आली नाही. मिक्सर आले, टेबलफॅन आले, एक इस्त्री आली. मोटार भरायला बाईच्या हातात कोण देणार, आणि तीही वस्तीत आणून? लोक तोंडावर काही बोलत नव्हते, पण मोटारी शिरूरला जात होत्या.

मग रघुनाथ आप्पांची मोटार जळाली. वाफ्यात कांद्याचं रोप बोटभर उगवून आलेलं, वर ऊन. शिरूरचे दोन्ही वाइंडर म्हणाले, आठ दिवसांनी या. रोप आठ दिवस तगणार नव्हतं. आप्पा जीपमध्ये मोटार घालून, वर पोतं झाकून रत्नाच्या दारात आले.

“चार दिसांत देशील का?”

“देते, आप्पा.”

“आन् हे बघ. कुनी इचारलं, तर मोटार शिरूरला हाय. काय?”

“व्हय, आप्पा.”

हे सगळं मला तिनेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी केडगावच्या वर्गात होतो. नवी बॅच, पोरांनी नुकताच फळ्यावरचा आकडा उतरवून घेतला होता. रत्ना दारात उभी राहिली. चौफुल्याला यष्टीतून उतरून तशीच उन्हात चालत आली होती.

“जयभीम सर. खाच भरंना.”

“कागद जास्त घातलास?”

“घातला. तरी बोट जातंय आत.”

“तारेची जाडी?”

“जुन्या तारंवरनं घेतली. तुकडा ठिवलाय.”

“टर्न किती घातलेस?”

“बेचाळीस.”

“आणि जुने किती होते?”

“जुने म्हंजी?”

मी हातातला खडू खाली ठेवला. तिची चूक कळली म्हणून नाही. ती चूक कुठून आली ते माझ्या पाठीमागे फळ्यावर लिहिलेलं होतं, सकाळचंच, माझ्याच अक्षरात. वर्गातली पोरं एकदा फळ्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. अकरा वर्षांत कुणी विचारलं कसं नाही, हा प्रश्न मला आधी पडला. उत्तर साधं होतं. बहुतेकांनी दुकानं काढलीच नाहीत. काही जण दुसऱ्या वाइंडरच्या हाताखाली राहिले, तिथे पहिल्याच दिवशी मोजायला शिकले आणि मास्तराला येऊन सांगायचं त्यांना काही कारण नव्हतं. शिकलेलं नुसतं घेऊन थेट स्वतःच्या पायावर उभे राहिलेले, म्हणजे योजनेला जसे हवे होते तसे, माझ्या माहितीत दोनच. एक समोर उभी होती.

दुसऱ्याचा विचार मी तेव्हा बाजूला सारला.

“जुनी तार कुठाय?”

“पोत्यात. सगळी एकात एक.”

मी तिला बाजूला घेतलं. शिरूरच्या त्या दोघा वाइंडरांपैकी एक माझ्या ओळखीचा होता. त्याच्या वहीत सगळ्या कंपन्यांच्या मोटारींचे टर्न होते. ती वही तो सख्ख्या भावाला दाखवायचा नाही, पण माझ्या शब्दावर त्याने मोटार गुपचूप भरून दिली असती. मी म्हणालो, “उद्या मोटार त्याच्याकडे टाक, परवा घेऊन आप्पाला दे. कुणाला काही कळणार नाही. आप्पा तरी मोटार शिरूरलाच आहे म्हणून सांगतोय ना?”

मला ही युक्ती बरी वाटली होती. रत्नाने ऐकून घेतलं.

“सर, मोटार चालंल. पुढची आली की मी काय करू? परत तुमच्याकडं येऊ?”

मी वर्गाला सुट्टी दिली. फळ्यावरचा आकडा पुसला. पोरांना वाटलं उद्याचा धडा वेगळा आहे, आणि तो होताच. रत्नाबरोबर पुढच्या यष्टीने न्हावऱ्याला गेलो.

पडवीत पोतं ओतलं. छिन्नीने एका बाजूने तोडून ओढलेल्या तारेचा एक टर्न म्हणजे एक तुकडा, बायकांच्या केसांतल्या आकड्यासारखा वाकलेला. कॉइल सुट्ट्या ठेवल्या असत्या तर एक मोजून भागलं असतं. तिने वार्निश जाळून, झटकून सगळं एकात कालवलेलं. आता एकच उपाय होता. सगळे तुकडे मोजायचे आणि बाराने भागायचं, कारण या मोटारीलाही कॉइली बाराच होत्या.

“भंगार मोजायला सायेब आलाय व्हय?” तिची आई म्हणाली. पण बसली आमच्याबरोबर. शेजारच्या दोघी आल्या. मेथीच्या जुड्या बांधतात तशा पन्नास-पन्नास तुकड्यांच्या जुड्या बांधत गेलो. सगळ्यांचे हात काजळीने काळे. शेजारणींपैकी एक मध्येच नातवाचं काहीतरी सांगू लागली आणि मोजणं चुकलं, तेव्हा रत्नाच्या आईने तिला असं झापलं की नंतर पडवीत खोकायलाही कुणी धजलं नाही. शेवटी भरले सहाशे एक्क्याण्णव.

सहाशे एक्क्याण्णवला बाराने भाग जात नाही. मी म्हणालो, “अठ्ठावन्न धर. अठ्ठावन्न बारे सहाशे शहाण्णव. पाच तुकडे कुठंतरी सांडले असतील.”

“आन् सत्तावन्न असले तर? मोजताना सात जास्त धरले असतील.”

“अगं, मी सांगतोय ना.”

“सर,” ती म्हणाली, “बेचाळीस पण तुमीच सांगितलं व्हतं.”

आवाज चढवून नाही, अगदी साधेपणाने म्हणाली. मला राग आला, खरं सांगतो. अकरा वर्षांत माझ्याशी वर्गात असं कुणी बोललं नव्हतं. मग राग कुणावर काढायचा ते सुचेना म्हणून मी पुन्हा जुड्या मोजायला बसलो. सहाशे एक्क्याण्णवच.

पाच तुकडे शोधायचे म्हणून पडवी झाडली, चूल उकरली, पोतं उलटं केलं. एक तुकडा तिने जाडी मोजायला डबीत ठेवलेला, तो निघाला. उरले चार. तेवढ्यात आई म्हणाली, “कोंबड्यांच्या खुराड्याला लावल्यात त्याच तारा न्हवं का?” खुराड्याच्या दाराला बिजागरी म्हणून तांब्याची तार पिळलेली. रत्नाने पकडीने ती सोडवली आणि जमिनीवर ठेवून मोजली. एक, दोन, तीन, चार. कोंबड्या बाहेर पळाल्या, त्यांच्यामागे शेजारणी पळाल्या. रत्ना तिथेच मातीत बसून हसायला लागली. मीही हसलो. इतकं बरं मला पेन्शनचा कागद आला तेव्हाही वाटलं नाही.

दोन दिवसांत तिने मोटार भरली. अठ्ठावन्न टर्न, खाच गच्च, बोट काय, नखसुद्धा जाईना. वार्निश शेगडीच्या धगीला वाळवलं. मी हात लावला नाही. चौथ्या दिवशी मी किरकोळ रजा टाकून आप्पांच्या विहिरीवर गेलो. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहिलं.

बांधावर पाच-सहा जण जमलेले. रोपाच्या माना पडल्या होत्या. आप्पांनी स्टार्टर दाबला. मोटार घुमली, आवाज स्वच्छ, पण पाइपाच्या तोंडातून पाणी येईना. मिनिट गेलं. बांधावरचा एक म्हणाला, “शिरूरवाल्यानं घाण केली वाटतं.” दुसरा म्हणाला, “तरी म्या म्हनत व्हतो, तिथं देऊ नगा.” कारण काय ते मला कळलं होतं, पण जीभ उचलेना.

आप्पांनी मोटार बंद केली. स्टार्टरचं झाकण काढलं आणि तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली. तीन वायरी लावताना दोन उलट्या लागल्या की मोटार उलटी फिरते, पाणी उचलत नाही. भरणाऱ्याचा त्यात दोष नसतो आणि हे आमच्याकडच्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असतं. बांधावरच्यांना शिव्या घालायच्या होत्या म्हणून त्या दिवशी ते हे विसरले होते. आप्पा विसरले नाहीत. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. पाइपाने दोन गुळण्या टाकल्या आणि पाणी आलं.

मला रडू आलं. लपवायचं कशाला? अकरा वर्षं मी मोटारी भरायला शिकवत होतो आणि माझ्या हाताखालच्या कुणी भरलेली मोटार चालताना मी पहिल्यांदा बघत होतो.

रत्ना पाण्याकडे बघत नव्हती. ती मोटारीच्या अंगावर तळवा ठेवून उकिडवी बसली होती, ताप बघतात तशी. तासभर बसली. मग उठून म्हणाली, “कोमट हाय. तापत न्हाई.”

बांधावरच्याने विचारलं, “आप्पा, शिरूरला कुणाकडं भरली?”

आप्पा पाणी आत घ्यायला वाफ्याचं दार फोडत होते. वर न बघता म्हणाले, “शिरूर कशाला? हिनं भरली.”

त्यानंतर रत्नाकडे मोटारी आल्या. आठवड्याला एक, मग दोन. आज तिच्या दुकानात दोन पोरी कामाला आहेत. तिची एक वही आहे, पहिल्या पानावर आप्पांच्या मोटारीचे अठ्ठावन्न. ती वही ती कुणालाही दाखवते, या धंद्यात असं कुणी करत नाही. मीही माझ्या वर्गात आकडा लिहायचं बंद केलं. गावातली जळकी मोटार आणायची, पोरांपुढे ठेवायची आणि म्हणायचं, मोजा. योजना पुढे बंद झाली, दुसऱ्या नावाने सुरू झाली, माझी नोकरी संपली. हे सगळं सांगायला सोपं आहे.

त्या दिवशी न्हावऱ्याहून परत येताना यष्टीत मात्र मला खिडकीबाहेर बघवेना. बाजूला सारलेला दुसरा आता समोर येऊन बसला होता. सोपान रांजणगावला एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत आहे असं कळलं होतं. पुढच्या रविवारी गेलो. निळा शर्ट, शिट्टी, हातात रजिस्टर. मला बघून त्याने कडक सॅल्यूट ठोकला.

“सर! तुमी हिकडं कुठं?”

“सोपान, तू दुकान का बंद केलंस?”

तो ओशाळला. “पहिलीच मोटार जळाली, सर. आमच्या वाट्याच्या विहिरीवरची. आबांनी भावकीला सांगून मला दिली व्हती, बाकीचे नगं म्हनत व्हते. दुसऱ्या दिशी जळाली.” मग घाईने म्हणाला, “पन टर्न बरोबर घातले व्हते, सर. बेचाळीस. दोनदा मोजले. खाच रिकामी वाटली, तर तुमी सांगितलं तसा कागद घातला दाबून. मग कुठं चुकलो, काय कळलं न्हाई.”

अकरा वर्षं हा माणूस स्वतःची चूक शोधत होता आणि मी वर्गावर्गात त्याची गोष्ट सांगत होतो. मी त्याला सगळं सांगितलं. म्हातारी, अंगण, बेचाळीस, न्हावऱ्याचं पोतं. मध्ये एक ट्रक आला. त्याने नंबर लिहून घेतला, गेट उघडलं, लावलं.

“म्हंजी माझ्या हातानं न्हाई जळाली.”

“नाही. माझ्या.”

तो चिडेल, शिवी देईल, अशी तयारी करून मी गेलो होतो. तो रजिस्टरच्या कडेवर अंगठा घासत राहिला.

“सर, हे मला सांगून काय उपेग? सुटी झाली की मी येतो संगं. आमच्या आबांना सांगा.”

संध्याकाळच्या आत आम्ही मांडवगणला पोचलो. आबा त्याच ओट्यावर होते, खूप म्हातारे झालेले. मी पाया पडलो आणि सांगायला लागलो. आबा माझ्या ओठांकडे बघत होते. “त्यांना ऐकू येत न्हाई,” सोपान म्हणाला. “मोठ्यानं सांगा.”

मी मोठ्याने सांगितलं. आबांनी कानामागे हात धरला. मी आणखी मोठ्याने सांगितलं. समोरच्या घरातून बाई बाहेर आली, शेजारचे चुलते आले, पोरं खेळ सोडून आली. ही तीच भावकी होती, वाट्याच्या विहिरीची. अकरा वर्षं गल्लीत सोपानला ‘इंजिनेर’ म्हणून हाक मारायचे आणि हसायचे, हे मला तिथेच कळलं. कोपऱ्यापर्यंत माणसं उभी. त्यांच्यापुढे मी सरकारी निदेशक, पांढऱ्या शर्टात, घसा ताणून ओरडत होतो, “आबा, आकडा मी चुकीचा दिला होता! मोटार माझ्यामुळे जळाली!”

आबांना आता ऐकू गेलं. त्यांनी जमलेल्या भावकीकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, “म्हंजी पोरगं हुशार व्हतं म्हना की.”

“होय आबा,” मी म्हणालो. माझा आवाज बसला होता. “हुशार होतं.”

सोपान आमच्याकडे पाठ करून भिंतीला हात टेकून उभा होता. तिथूनच म्हणाला, “सर, मोठ्यानं.”